जुना ट्रॅक्टर घरी रंगवताना: रंगाचा डबा सगळ्यात शेवटी

दसरा चार दिवसांवर आला की गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून लाल रंगाचे डबे भराभर संपतात. ट्रॅक्टर धुतला, पॉलिश पेपर फिरवला, स्प्रे गन मारली, झेंडूची माळ घातली. फोटो झकास येतो. मग होळीपर्यंत बोनेटवर फोड, रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) खाली ऑइलने मऊ पडलेला रंग आणि मडगार्डच्या कडेने पुन्हा तोच गंज. "रंगच डुप्लिकेट निघाला," म्हणून दुकानदार शिव्या खातो. रंग बहुतेक वेळा चांगलाच असतो. चुकलेला असतो तो कामाचा क्रम.

पुढचं सगळं मी महिंद्रा इंटरनॅशनल बी-२७५ डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण घरी तोच आहे: चार सिलिंडरचा, ३५ एचपीच्या वर्गातला. तुमच्याकडे एस्कॉर्ट, झेटर किंवा मॅसी १०३५ असेल, तर बोल्ट वेगळ्या जागी सापडतील, क्रम हाच राहील. रोज संध्याकाळी दोन तास आणि रविवार एवढाच वेळ असेल तर तीन महिने धरा. दिवाळीनंतर खोलायला घ्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रंग मारा. पावसाळ्यात हवेतला ओलावा रंगाखाली अडकतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा रंगावर धूळ आणून बसवतो आणि थिनर पत्र्यावर पोचायच्या आतच उडून जातो.

१. आधी इंजिन, मग बाकीचं

ट्रॅक्टर कित्येक वर्षं उभा असेल तर पहिल्याच दिवशी दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून ओढून चालू करू नका. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असतात आणि ओढल्यावर तुटतात. इंजेक्टर काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या आणि मग पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवून बघा. पूर्ण दोन फेरे मोकळे फिरले तरच पुढे जा. टाकीतलं जुनं डिझेल काढा, फिल्टर बदला. इंजिन ऑइलची काडी ओढा. ऑइल चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. ते कुठून गेलं ते कळेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

सावधान: बरेच दिवस बंद असलेल्या डिझेल पंपाचा रॅक (इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरवणारी दांडी) कधी कधी उघड्या स्थितीत अडकतो. मग इंजिन सुटतं, म्हणजे वेग आपोआप वाढतच जातो, आणि चावी किंवा स्टॉपची तार ओढून बंद होत नाही. पहिल्यांदा चालू करताना एअर क्लीनरचा पाईप काढून ठेवा आणि जवळ एक माणूस जाड फळी घेऊन उभा करा. इंजिन सुटलं तर हवेचं तोंड फळीने दाबायचं. हाताने नाही, फडक्याने तर मुळीच नाही.

इंजिन चालू झालं की अर्धा तास चालवा. गिअर सगळे पडतात का, लिफ्ट अवजार उचलते का आणि उचलून धरते का, ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे लागतात का, हे बघून वहीत लिहा. या वहीवरूनच खर्च ठरतो. क्रँक किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर रंगाचे पैसे तिकडे वळवा आणि रंग पुढच्या वर्षी करा.

२. फोटो, पिशव्या आणि सूत

खोलताना वाटतं, सगळं लक्षात राहील. राहत नाही. प्रत्येक भाग काढायच्या आधी तीन बाजूंनी फोटो घ्या. डिझेलच्या नळ्या, वायरी आणि स्टॉपच्या तारेचा मार्ग जवळून टिपा. नट-बोल्ट प्लास्टिकच्या पिशवीत टाका आणि आत चिठ्ठी ठेवा: "बोनेट मागची पट्टी, ४ बोल्ट, २ जाड वॉशर". चिठ्ठी पेन्सिलने लिहा. पेनाची शाई डिझेलने पुसली जाते.

आता एक चूक जिच्यापायी मी दोन आटे बाद केलेत. बी-२७५ सारख्या जुन्या ट्रॅक्टरांचे बोल्ट इंची मापाचे असतात. आपले मिस्त्री म्हणतात तसे अडीच सूत, तीन सूत, चार सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. अडीच सुताचा बोल्ट ७.९४ मिलिमीटरचा, आणि दुकानात सहज मिळणारा मेट्रिक ८ मिलिमीटरचा. डोळ्याला दोन्ही सारखे. मेट्रिक बोल्ट इंची आट्यात दोन फेरे नीट जातो, मग अडतो. आपण पाना लावून दाबतो आणि बीडातला (ओतीव लोखंडातला) आटा कायमचा बाद होतो. जुना बोल्ट नमुना म्हणून खिशात घालून दुकानात जा. नवा बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी फिरला तरच तो बरोबर.

मूळ रंग कुठला होता हेही याच टप्प्यात शोधा. उन्हात उडालेल्या बोनेटवरून शेड कधीच जुळवू नका. टूल बॉक्सच्या खाली, नंबर प्लेटच्या मागे, बॅटरीच्या खोक्याच्या आतल्या बाजूला ऊन पोचलेलं नसतं. तिथली जागा ओल्या फडक्याने पुसली की खरी छटा दिसते. तो तुकडा घेऊन रंग मिसळून देणाऱ्या दुकानात जा. मूळ रंगच ठेवणार असाल तर कागदपत्रांचा प्रश्न येत नाही. वेगळा रंग हवा असेल तर आरसी बुकावर रंगाचा रकाना असतो हे लक्षात ठेवा. आरटीओत नोंद करून मगच गन हातात घ्या.

३. धुलाई, आणि पिठाची युक्ती

चाळीस-पन्नास वर्षांचं ग्रीस, माती आणि डिझेल यांचा थर आधी पत्र्याच्या खरवडणीने आणि जुन्या स्क्रू ड्रायव्हरने सुका काढा. तीन-चार घमेली निघतात. उरलेल्यावर ब्रशने रॉकेल किंवा डिझेल लावा, पंधरा मिनिटं थांबा, घासा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ जमिनीलगत पसरते आणि लांबवरच्या ठिणगीनेही पेट घेते.

बहुतेक जण इथेच थांबतात. डिझेलने धुतलेला ट्रॅक्टर चकाकतो, म्हणून स्वच्छ वाटतो. तो चकाकतो कारण त्यावर डिझेलचा पातळ थर आहे, आणि त्या थरावर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरत नाही. म्हणून डिझेलनंतर गरम पाणी आणि भांड्याचा साबण. दोनदा. कॉस्टिक सोडा टाळा: अॅल्युमिनियमची कव्हरं तो खाऊन टाकतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जातो.

प्रेशरचं पाणी मारत असाल तर डायनामो, स्टार्टर, पंप आणि एअर क्लीनर यांची तोंडं प्लास्टिकने बांधा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. तापलेल्या पंपावर गार पाणी पडलं तर आतले नाजूक भाग जाम होतात. रेडिएटरच्या जाळीवर तिरका मारा बसला तर पात्या झोपतात. धुण्याची जागा विहिरीपासून आणि गुरांच्या हौदापासून लांब घ्या. काळं पाणी शेवटी कुठेतरी जिरणारच आहे.

ट्रॅक्टर वाळला की गळती शोधा. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या धुऱ्याच्या जोडांवर टाल्कम पावडर किंवा गव्हाचं पीठ फडक्यातून झटका आणि ट्रॅक्टर अर्धा तास चालवा. गळतं तिथून पिठात काळी रेघ उतरते. नेहमी सर्वांत वरचं टोक बघा. खाली थेंब पडतो म्हणून आपण खालचं पॅकिंग बदलतो, आणि ऑइल येत असतं वरच्या रॉकर कव्हरमधून.

तपासणी: प्रत्येक गळतीला खडूने गोल करा, आकडा द्या, वहीत लिहा. यातली एक जरी राहिली तरी तिथला रंग सहा महिन्यांत सुटेल.

४. उचलणं आणि चाकं काढणं

अपघात होतो तो याच टप्प्यावर, म्हणून घाई नको. ट्रॅक्टरचा पुढचा धुरा मधल्या पिनवर डोलतो. मागची चाकं काढून मागचा भाग टेकूवर घेतला की सगळा ट्रॅक्टर त्या पिनवर आडवा कलू शकतो. त्यामुळे उचलायच्या आधी पुढच्या धुऱ्याच्या आणि सांगाड्याच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका. ही पाचर शेवटचं चाक परत बसेपर्यंत काढायची नाही.

जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. उचलल्यावर लोखंडी घोडी किंवा बाभळीचे जाड ठोकळे आडवे-उभे रचून खाली द्या. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक कधीच नाहीत. ते वाकून इशारा देत नाहीत, एकदम फुटतात. जमीन पक्की हवी. मुरमाच्या अंगणात खाली जाड फळी टाका.

मागच्या टायरमध्ये पाणी भरलेलं आहे का ते आधी बघा. १२.४-२८ मापाच्या एका टायरमध्ये दीडशे लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे चाकाचं वजन दीडशे किलोने वाढतं. चाक उचलून व्हॉल्व्ह खाली आणा, आतली पिन काढा, पाणी वाहू द्या. रिकामं चाकही दोन माणसांशिवाय हलवू नका, आणि उभं ठेवलं तर दोरीने भिंतीला बांधा. टायर उतरवला की रिममध्ये व्हॉल्व्हच्या भोकाभोवती हात फिरवा. पाणी भरलेल्या रिमा तिथेच आतून सडतात, बाहेरून काही कळत नाही. पत्रा बोटाने दबला तर ती रिम रंगवण्याच्या लायकीची उरलेली नाही.

सावधान: ब्रेक किंवा क्लच उघडले तर आतली भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

५. गळती आधी बंद, म्हणजे बंदच

वहीत आकडे दिलेल्या जागा एकेक करून संपवा. रॉकर कव्हरचं पॅकिंग, टाइमिंग कव्हर, मागच्या धुऱ्याचे ऑइल सील, पीटीओचा (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याचा) सील, लिफ्टच्या दांड्याच्या रबरी रिंगा. नवं पॅकिंग लावताना जुनं पूर्ण खरवडा. भरपूर शेलॅक (पॅकिंगला लावायचा चिकट लेप) चोपडल्याने वाकडं कव्हर सरळ होत नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून कव्हर घासा. ते कुठे टेकतं, कुठे नाही, लगेच दिसतं.

डिझेल पंप घरी उघडू नका. कॅलिब्रेशनचा बेंच असलेल्या दुकानात द्या. डिझेलच्या टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी नको. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीतल्या डिझेलपेक्षा घातक असते. रेडिएटरवाल्याकडे द्या, तो वाफेने धुऊन मग डाख लावतो.

गिअरबॉक्सवरचा आणि मागच्या पेटीवरचा श्वास घेणारा लहान पाईप काढून धुवा. तो बुजलेला असेल तर तापलेली हवा सीलमधून बाहेर येते आणि नवा सीलही गळतो. "सील बदलला तरी गळतंय" यामागे पुष्कळदा हाच पाईप निघतो.

दुरुस्तीनंतर पिठाचा प्रयोग पुन्हा करा. पीठ कोरडं राहिलं की पुढच्या टप्प्याला हात घाला.

६. गंज आणि जुना रंग

सगळा जुना रंग काढायलाच हवा असं नाही. नखाने निघतो तो काढा. घट्ट आहे तो घासून खरखरीत करा. मात्र त्यावर नवा रंग चालेल का ते आधी बघा: एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरमध्ये भिजवलेलं फडकं जुन्या रंगावर एक मिनिट दाबून धरा. रंग फडक्याला आला किंवा सुरकुतला, तर त्याच्यावर कडक थिनरचा रंग मारल्यावर सगळा थर उचलला जाणार. तिथे पत्र्यापर्यंत साफ करा. काहीच झालं नाही तर १८० नंबरचा पॉलिश पेपर मारून तसंच पुढे जाता येईल.

जुन्या लाल-पिवळ्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते. म्हणून पाणी मारून वॉटर पेपरने ओलं घासा, मुलांना त्या कोपऱ्यात येऊ देऊ नका, जेवायच्या आधी हात साबणाने धुवा.

बीडाच्या भागांसाठी ग्राइंडरवर तारेचा कप ब्रश चालतो. चष्मा नुसता नको, पूर्ण तोंडाची ढाल घ्या. ब्रशच्या तारा सुटून अंगात घुसतात, मी दंडातून एक काढून घेतली आहे. पातळ पत्र्यावर ग्राइंडर एका जागी धरला की पत्रा तापून त्याला लाट पडते, मग कितीही लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरा, ती लाट उन्हात दिसतेच. बोनेट आणि मडगार्ड हातानेच घासा.

सँड ब्लास्टिंगला रिमा आणि वजनं खुशाल द्या. इंजिन-गिअरबॉक्स जोडलेला असताना देऊ नका. वाळू सीलच्या ओठातून आत जाते आणि बेअरिंग खाते.

लहान भागांसाठी घरगुती उपाय आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्या, दर चार-पाच लिटरला एक चमचा धुण्याचा सोडा घाला. गंजलेला भाग १२ व्होल्ट चार्जरच्या निगेटिव्हला, सळईचा तुकडा पॉझिटिव्हला. दोघांनी एकमेकांना शिवायचं नाही. एका रात्रीत गंज काळ्या गाळासारखा सुटतो. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. अॅल्युमिनियम टबात टाकू नका. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं आणि वायर काढायच्या आधी चार्जर बंद करायचा. स्प्रिंगा आणि कडक बोल्ट यात बुडवू नका, ते ठिसूळ होतात.

खोल खड्ड्यांतला गंज ब्रशने निघत नाही. तिथे फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर लावा आणि डब्यावर सांगितलंय त्याप्रमाणे धुऊन किंवा पुसून पूर्ण वाळवा. उरलेलं आम्ल प्रायमरला सोडवतं.

सावधान: उघडं बीड एका रात्रीच्या दवाने तांबडं होतं. संध्याकाळपर्यंत प्रायमर मारता येईल तेवढाच भाग सकाळी उघडा करा.

इंजिन नंबर आणि चासी नंबरवर ग्राइंडर किंवा कानस फिरवायची नाही. मऊ ब्रशने साफ करा, फोटो काढा, टेप लावा. पुसट झालेला नंबर पुढे पासिंगला आणि विक्रीला अडतो, आणि तेव्हा खरं सांगूनही कुणाला पटत नाही.

७. पत्रा आणि लांबी

मडगार्डची खालची कड कुजलेली असेल तर नवा पत्रा वेल्ड करा. कुजलेल्या कडेवर लांबी म्हणजे वाळलेल्या खोडाला शेणाचा लेप. वेल्डिंग ट्रॅक्टरवर करायचं असेल तर आधी बॅटरीच्या वायरी सोडा.

लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जाड नको. त्याहून खोल खड्डा आधी हातोडी आणि ठोकळ्याने बाहेर काढा. हार्डनर जास्त घातला की लांबी लवकर कडक होते खरी, पण पुढे रंगातून पिवळट डाग वर येतात.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक: आधी रेड ऑक्साइड (तांबडा सिंथेटिक प्रायमर), त्यावर लांबी. दोन डब्यांची पॉलिस्टर लांबी सिंथेटिक प्रायमरला खालून मऊ करते आणि वर्षाच्या आत पापुद्र्यासकट निघून येते. ती ८० च्या कागदाने खरखरीत केलेल्या नुसत्या पत्र्यावर लावा, नाहीतर पूर्ण वाळलेल्या एपॉक्सी प्रायमरवर. एनसी पुट्टी फक्त टाचणीएवढ्या भोकांसाठी. जाड भरली तर ती आठवडेच्या आठवडे आकसत राहते आणि रंगावर खळगे उमटतात.

घासताना क्रम ८०, १५०, २२०. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं की बोटांचे खळगे पडतात. डोळे मिटून तळवा फिरवा. डोळ्याला न दिसलेला उंचवटा हाताला लागतो.

८. प्रायमर

प्रायमरच्या आधी पाण्याची तपासणी करा. भागावर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी पसरून एकसारखं राहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ. मोत्यासारखे थेंब गोळा झाले तर तेल आहे, पुन्हा साबण. वाळल्यावर थिनरचं ओलं फडकं एका हाताने फिरवा आणि लगेच मागून दुसऱ्या हातातल्या कोरड्या फडक्याने पुसा. एकच फडकं फिरवत राहिलात तर तेल इकडचं तिकडे होतं, एवढंच.

बोनेट, मडगार्ड, रिमा यांना एपॉक्सी प्रायमर घ्या. दोन डब्यांचं मिश्रण केल्यावर, डब्यावर सांगितलं असेल तर, ते वीस-तीस मिनिटं ठेवावं लागतं. गडबडीत ही वेळ गाळू नका. बीडाच्या इंजिन-गिअरबॉक्सला झिंक फॉस्फेटचा प्रायमर पुरतो. दोन पातळ हात, मध्ये डब्यावरची वेळ. वाळल्यावर पत्र्याच्या भागांना ४०० च्या वॉटर पेपरने ओलं घासा आणि एक दिवस उन्हात ठेवा. प्रायमर पाणी धरून ठेवतो, आणि बोनेटवर येणारे फोड बहुतेक वेळा याच पाण्याचे असतात.

९. झाकायचं काय

झाकायला चक्क अर्धा दिवस लागतो. लागू द्या. ग्रीसचे सगळे निप्पल (त्यावर ग्रीस थापलं तरी चालतं, रंग धरत नाही), श्वासाचे पाईप, डिझेलच्या झाकणावरचं बारीक भोक, पुलीची खाच, लिफ्टचे चकचकीत दांडे, रबरी बूट, मीटर, धातूची पट्टी. चाकाची डिस्क हबला जिथे टेकते तो गोल भागही झाका. तिथे जाड रंग राहिला की नट घट्ट वाटतात, आणि रंग दबला की ढिले पडतात.

अर्थिंगची जागा विसरायची नाही. बॅटरीची अर्थ पट्टी चासीला लागते तिथे उघडं लोखंडच हवं. नव्याने रंगवलेला ट्रॅक्टर सेल्फच घेत नाही, बॅटरी बदलून झाली, स्टार्टर बदलून झाला, आणि दोष निघतो अर्थच्या खालच्या रंगाचा. हा पाहुणा दर हंगामात कुणाच्या तरी घरी येतोच.

१०. रंग

घरी करणाऱ्याला मी चांगल्या कंपनीचं सिंथेटिक इनॅमल सुचवीन. पीयूची (पॉलियुरेथेन रंगाची) चकाकी जास्त आणि आयुष्यही जास्त, यात वाद नाही. पण पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची बारीक फवारणी छातीत गेली की दमा जडू शकतो, आणि साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल तर पीयूचं काम रंगाच्या दुकानात द्या. इनॅमल लवकर वाळावं म्हणून त्यात हार्डनर टाकणाऱ्यांनाही हेच लागू. साध्या इनॅमललासुद्धा कार्बन कार्ट्रिजचा मास्क वापरा.

माझ्या हाताला एका लहान ट्रॅक्टरला चार लिटर लाल रंग लागतो. सगळे डबे एका बॅचचे घ्या आणि एका बादलीत एकत्र मिसळून पुन्हा भरून ठेवा, म्हणजे मडगार्ड आणि बोनेट वेगळे दिसणार नाहीत. रंग जुन्या नायलॉनच्या कापडातून गाळल्याशिवाय गनमध्ये घालू नका.

गनला १.४ मिलिमीटरच्या आसपासचं नोझल, दाब ३० ते ४० पीएसआय, अंतर वीतभर. कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी सोडा. हवेतून पाणी आलं, किंवा आसपास कुणी टायर पॉलिशचा फवारा मारला, तर रंग गोल गोल फाटतो. हात सुरू झाल्यावर गन उघडायची आणि हात थांबायच्या आधी बंद करायची. उलट केलं की दोन्ही टोकांना ओघळ येतात. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या निम्म्यावर चढवा. आधी जुन्या पत्र्यावर हात बसवून घ्या.

वेळ सकाळी दवाचा ओलावा उडाल्यावरची, साधारण नऊ ते बारा. जमिनीवर पाणी शिंपडा, पण चिखल करू नका. आधी आतल्या कडा, कोपरे आणि खालच्या बाजू, मग दिसणारा भाग. पहिला हात इतका पातळ की प्रायमर दिसत राहावा. पंधरा-वीस मिनिटांनी, बोटाला चिकट लागेल पण रंग बोटाला येणार नाही तेव्हा, दुसरा भरून मारा. एवढ्यावर थांबा. "अजून एक हात मारू" हा मोह संध्याकाळी होतो आणि अर्धवट वाळलेल्या इनॅमलवर थिनर गेलं की सगळा थर आंब्याच्या वाळलेल्या सालीसारखा सुरकुततो. तिसरा हात हवाच असेल तर डब्यावर लिहिलेली वेळ पूर्ण होऊ द्या.

ओघळ आला तर ओला असताना बोट लावू नका. आठवडाभराने ८०० च्या पेपरने घासून काढा. किडा बसला तर बसू द्या, तोही नंतर निघतो.

सायलेन्सर आणि मॅनिफोल्डला इनॅमल चालत नाही, पहिल्याच दिवशी जळून धूर होतो. उष्णतेचा वेगळा रंग मिळतो तो मारा. रेडिएटरच्या पात्यांवर जाड रंग नको, काळ्या रंगाचा नुसता झुळका पुरे.

११. जोडणी

पत्र्याचे भाग निदान आठवडाभर वाळले की जोडायला घ्या. बोल्टखाली प्लास्टिकचा किंवा फायबरचा वॉशर ठेवला तर कडा टवकत नाहीत. पान्यावर टेप गुंडाळा. वायरिंग नवंच टाका, जुन्या वायरींचं आवरण उंदरांनी सोडलेलं नसतं. बॅटरी जोडण्याआधी जुने फोटो बघा: जुन्या ट्रॅक्टरांत कुठे निगेटिव्ह अर्थ असते, कुठे पॉझिटिव्ह. उलट जोडलं तर डायनामो किंवा आल्टरनेटर जातो. जोडताना अर्थची वायर शेवटी, सोडताना आधी.

बोनेटच्या बाजूची उठावाची अक्षरं ब्रशने भरत बसू नका. सपाट लाकडी ठोकळ्याला सुती कापड घट्ट ताणून बांधा, त्यावर पांढरा रंग पातळ पसरा आणि अक्षरांवर हलकेच टेकवा. फक्त उठाव रंगतो. स्टिकर मात्र तीन आठवड्यांनी. रंगातून तोवर थिनर सुटत असतं आणि स्टिकरखाली फुगे धरतं. साबणाचं पाणी फवारून लावा, मधून कडेकडे पुसत जा.

१२. पहिले पन्नास तास

डिझेल भरून लाइनमधली हवा काढताना पंपाखाली फडकं धरा. ताज्या इनॅमलवर डिझेलचा ओघळ राहिला तर रंग मऊ पडतो. पहिला महिना डिझेल किंवा रॉकेलने पुसणं बंद, प्रेशरचं पाणी बंद. साधं पाणी आणि मऊ फडकं.

चाकाचे नट पहिल्या तासानंतर, मग दहा तासांनी, मग पन्नास तासांनी पुन्हा आवळा, समोरासमोरच्या जोड्यांनी. पुढच्या धुऱ्याची पाचर काढली का ते बघा. हे लिहायला विचित्र वाटतं, पण पाचर तशीच ठेवून बांधावरून ट्रॅक्टर नेला की पुढचं एक चाक हवेत राहतं. पन्नास तासांनी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, आणि त्या दिवशी पिठाची पिशवी पुन्हा एकदा बाहेर काढा.